डॉक्टर म्हणतात "काही नाहीये, टेन्शन घेऊ नका", मग पुढे काय करायचं?

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत", "वयानुसार होतं असं", "आधी वजन कमी करा", "फार विचार करता हो तुम्ही". यातलं एखादं वाक्य ऐकून केबिनमधून बाहेर आलात, त्रास तसूभरही हलला नाही आणि आता परत जावं की गप्प बसावं तेच कळेना, अशा अवस्थेत असाल तर पुढचं वाचा. मी डॉक्टर नाही. स्वतः पेशंट म्हणून आणि घरच्यांच्या फाईली मांडीवर घेऊन वेटिंग रूममध्ये बसून जे जमत गेलं ते पायरीपायरीने लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. आपण बहुतेक जण डॉक्टरला आजाराचं नाव पटवायला जातो. "मला थायरॉइडच झालाय बघा" म्हटलं की संपलं, मग डॉक्टर ते नाव खोडायला लागतात, आपण ते धरून ठेवायला लागतो आणि मूळ त्रास राहतो बाजूला. नाव शोधणं त्यांचं काम. आपली कामं दोनच, त्रास इतका नेमका सांगायचा की त्याला "काही नाही" म्हणणं अवघड जावं, आणि कुठले आजार नाहीत हे कशावरून ठरवलं ते विचारायचं.

पायरी शून्य: ही वाट बघायची वेळ आहे का?

काही त्रासांमध्ये नोंदी ठेवा, अपॉइंटमेंट घ्या, सेकंड ओपिनियन घ्या असलं काही करत बसायचं नसतं, सरळ इमर्जन्सी गाठायची. अचानक तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं (स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात, म्हणून हे सुरू कधी झालं ती वेळ लक्षात ठेवा). छातीत दाब, दम लागणं, घाम सुटणं, आणि बायकांच्या बाबतीत लक्षात ठेवा की छातीतली कळ सौम्य असून नुसती मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, एकदम गळून जाणं असाही हार्ट अटॅक येतो. मिनिटाभरात टोकाला गेलेली डोकेदुखी, आयुष्यात अशी कधीच झाली नव्हती अशी. कंबरदुखीबरोबर लघवी अडणं किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि शी-शूच्या जागेभोवती बधिर होणं. मुलाच्या किंवा पुरुषाच्या अंडकोषात अचानक असह्य दुखणं, इथे तर सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तरच अंडकोष वाचायची चांगली शक्यता असते, त्यामुळे लाजून सकाळपर्यंत थांबू नये.

यातलं काही असेल आणि कालच कुणी "काही नाही" म्हटलेलं असेल तरी परत जायचं. काल नव्हतं ते आज झालंय, एवढं कारण पुरतं.

असं होतं तरी का

थोडक्यात सांगते. १९८४ मध्ये अमेरिकेत डॉक्टर-पेशंटच्या भेटी टेप करून बघितल्या तर पेशंट बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच थांबवत होते. २०१८ च्या तशाच एका अभ्यासात तो आकडा ११ वर आला होता. म्हणजे तुमच्याच नशिबी घाईचा डॉक्टर आलाय असं नाही. दुसरं म्हणजे एकदा "ॲसिडिटी" किंवा "अँग्झायटी" असं फाईलवर लिहिलं गेलं की पुढचा डॉक्टर तेच वाचून पुढे जातो आणि शिक्का पक्का होत जातो. आणि तिसरं, ज्याचं कारण सापडत नाही ते मनावर ढकलायची वैद्यकशास्त्राची सवय जुनीच आहे. अल्सरचं खापर कितीतरी वर्षं टेन्शन आणि तिखटावर फुटायचं, शेवटी १९८४ मध्ये बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, तरी सगळ्यांना पटायला वर्षं गेली, आणि २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरनला त्याच कामासाठी नोबेल मिळालं. एंडोमेट्रिओसिस घ्या (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार), पाळी येण्याच्या वयातल्या जवळपास १० टक्के बायकांना असतो असा अंदाज आहे आणि तरी निदान व्हायला वर्षानुवर्षं जातात, कारण "पाळीत दुखतंच" हे वाक्य घरातही तयार असतं आणि दवाखान्यातही.

पायरी १: नोंद ठेवा, पण कामाची

दोन-तीन आठवडे पुरे आहेत. मोबाईलवर किंवा वहीत, जे हाताला लागेल त्यात. कधी झालं, किती वेळ राहिलं, आधी काय करत होता, कशाने कमी झालं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यामुळे काय करता आलं नाही. "दहापैकी आठ दुखतं" यावर डॉक्टर मान हलवतात फक्त, पण "जिना चढताना मधल्या लँडिंगला बसावं लागतं, तीन महिन्यांपूर्वी लागत नव्हतं" असं म्हटलं की पेन थांबतं. आधी जमायचं आणि आता जमत नाही, हे शब्द वापराच.

जिथे मोजता येईल तिथे मोजा. बीपी असेल तर पाच मिनिटं शांत बसून, हात टेबलावर टेकवून, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये मिनिटभर सोडून, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढतात. पाळीत जास्त जातं असं वाटत असेल तर "जास्त" म्हणू नका, किती तासांनी पॅड पूर्ण भिजतं ते लिहा, सलग काही तास तासाला एक भिजत असेल किंवा पाळी सात दिवसांच्या वर चालत असेल तर ते जास्तच आहे, त्यावर कुणी "असतं काहींचं" म्हणू शकत नाही. उभं राहिलं की गरगरतं, धडधडतं अशी तक्रार असेल तर पाच-दहा मिनिटं पडून नाडी मोजा, मग उभं राहून दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या मिनिटाला मोजा (कुणीतरी शेजारी हवंच, एकट्याने करू नका). मोठ्या माणसात ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तिथेच राहत असेल, १२ ते १९ वयात ४० नी, तर तो कागद दाखवायलाच हवा, हे मोजलंच जात नाही म्हणून बऱ्याच पोरींना वर्षानुवर्षं "घाबरट" म्हणतात.

पुरळ, सूज, निळी पडलेली बोटं यांचे फोटो काढा, तारीख दिसेल असे. फिट आल्यासारखं होत असेल तर घरच्यांना व्हिडिओ काढायला सांगून ठेवा. अपॉइंटमेंटच्या दिवशी हे सगळं हटकून गायब असतं.

एक मात्र सांगते, नोंदीचं वेड लावून घेऊ नका. दर दहा मिनिटांनी पल्स बघत बसलं की त्यानेच धडधड वाढते, आणि मग डॉक्टर अँग्झायटी म्हणाले तर ते चुकीचं नसतं.

पायरी २: सगळं एका पानावर

वही डॉक्टरसमोर उघडायची नाही. ती तुमच्यासाठी. त्यांच्यासाठी एकच पान, साधारण असं:

"तीन महिन्यांपासून उजव्या बरगडीखाली दुखतं. आठवड्यातून तीन-चारदा, बहुतेक वेळा जेवणानंतर तासाभराने सुरू होतं, एक-दोन तास राहतं, पाठीत उजव्या खांद्यापर्यंत जातं. दोनदा उलटी. ॲसिडिटीच्या गोळ्या सहा आठवडे रोज घेतल्या, फरक नाही. रात्री उठून बसावं लागतं, महिन्यात चार सुट्ट्या झाल्या. आईचं पित्ताशय काढलंय."

बघा, यात कुठेही "मला पित्ताचे खडे झालेत" असं लिहिलेलं नाही. पण हे वाचून सोनोग्राफी न सुचणारा डॉक्टर विरळा. खाली चालू असलेल्या गोळ्या (दुकानातून स्वतः आणलेल्या, आयुर्वेदिक, जिमची पावडर, सगळं), ॲलर्जी, जुनी ऑपरेशनं. आणि शेवटी आज मिळायलाच हवीत अशी दोन उत्तरं.

बोलायला बसलात की जी मुख्य भीती आहे ती पहिल्या वाक्यात. आपली सवय अशी की सर्दी-खोकल्यापासून सुरुवात करायची आणि उठून दाराशी पोचल्यावर "आणि हो, संडासवाटे थोडं रक्त जातं अधूनमधून". तोपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला असतो.

पायरी ३: सोबत कुणीतरी न्या

बडबडं माणूस नको, शांत आणि लिहून घेणारं हवं. त्याला आधी सांगून ठेवा की मी गडबडले, रडायला आलं तर कागदावरचं तू वाच. आणि त्या माणसाने जे डोळ्यांनी पाहिलंय तेच सांगावं, "ती रात्री तीनला उठून बसलेली असते, मी बघतो", याला फार वजन येतं. वजन येतं हे बरोबर आहे का, तर नाही, पेशंटचं स्वतःचं म्हणणं पुरायला हवं, पण सध्या चालतं तसंच आहे तर वापरून घ्या. सोबत कुणी नसेल तर "विसरायला होतं म्हणून रेकॉर्ड करू का" असं विचारा. न विचारता गुपचूप करू नका, कळलं की विश्वास गेला.

पायरी ४: केबिनमध्ये काय बोलायचं

ही खरी पायरी. आवाज चढवून काही होत नाही, "अवघड पेशंट" असं मनात नोंदलं जातं आणि मग खरं दुखणंही त्याच चष्म्यातून बघतात. पण गप्प बसूनही चालत नाही. मधला रस्ता म्हणजे प्रश्न, आणि ते असे की ज्यांचं उत्तर नुसत्या हो-नाहीत देता येत नाही.

"डॉक्टर, हे आणखी कशाकशामुळे असू शकतं?"

"त्यातलं काय काय नाही हे नक्की झालंय, आणि कशावरून?"

"यातलं कुठलं लक्षण तुम्ही म्हणताय त्या निदानात बसत नाही?" हा माझा सगळ्यात आवडता. बऱ्याच वेळा इथेच डॉक्टर मागे टेकून बसतात आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागतात.

"या गोळीने किती दिवसांत फरक पडायला हवा, आणि नाही पडला तर पुढची पायरी काय?" याचं उत्तर तारखेसकट घ्या. "बघू, या पुन्हा" हे उत्तर नव्हे.

टेस्ट नाकारली तर भांडू नका, कारण विचारा. प्रत्येक टेस्ट करायलाच हवी असं नसतं, उगाच केलेल्या स्कॅनमध्ये भलतंच काहीतरी बारीकसं दिसतं आणि मग त्याच्यामागे महिने जातात. डॉक्टरने नीट कारण दिलं तर ते ऐकून घ्यायचं. पण कारणच मिळालं नाही तर म्हणा, "ठीक आहे, मग केसपेपरवर एवढं लिहाल का, की मी या टेस्टबद्दल विचारलं होतं आणि आत्ता अमुक कारणासाठी गरज वाटत नाही?" हे धमकीच्या सुरात अजिबात नको, साध्या आवाजात. लिहायची वेळ आली की माणूस क्षणभर थांबून विचार करतो, इतकंच त्यातलं गुपित. काही वेळा टेस्टच लिहून मिळते.

"टेन्शन आहे" असं म्हणाले तर "मला टेन्शन नाहीच" म्हणून वाद घालू नका, त्यात हरायलाच होतं. असं म्हणून बघा: "टेन्शन आहे डॉक्टर, पण दुखणं मार्चपासून आहे आणि झोप उडाली मे महिन्यात. टेन्शनवरही उपचार घेते, त्याबरोबर शारीरिक कारण बघायचं काय राहिलंय?" कुठलं आधी आलं आणि कुठलं नंतर, हा क्रम सांगणं फार कामाला येतं. आणि मनाचा त्रासही त्रासच असतो, अँग्झायटीत खरंच छातीत दुखतं, पोट बिघडतं, त्यामुळे तो उपचार सुचवला म्हणजे अपमान झाला असं समजू नका. अपमान तेव्हा, जेव्हा काही न तपासता तो शिक्का मारला जातो.

वजनाचं कारण पुढे केलं तर: "वजनाचं बघतेच, पण माझ्या वयाच्या बारीक बाईला हाच त्रास असता तर तुम्ही काय तपासलं असतं? तेवढं माझंही बघूया का?"

शेवटी, उठायच्या आधी, "मला समजलं ते सांगते, बरोबर आहे का बघा" असं म्हणून सगळं एकदा परत बोलून दाखवा. अर्धे गैरसमज इथेच निघतात.

पायरी ५: "नॉर्मल" रिपोर्ट स्वतः वाचा

रिपोर्टची प्रत प्रत्येक वेळी मागून घ्या, फोनवर "सगळं ठीक आहे" एवढ्यावर सोडू नका. त्यात जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती बहुतेक टेस्टमध्ये निरोगी लोकांतल्या मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे ठणठणीत असलेल्या दर २० माणसांतला एक जण रेंजच्या बाहेर दिसणारच, आणि उलट आजारी माणूसही रेंजच्या आत असू शकतो. म्हणून एका आकड्यापेक्षा तो कुठून कुठे आला ते बघा, दोन-तीन वर्षांचे जुने रिपोर्ट शेजारी ठेवून.

आमच्याच घरातलं सांगते. बहीण सतत दमलेली, केस गळतायत, रात्री पायात वळवळ. हिमोग्लोबिन १२ च्या जरा वर, म्हणजे नॉर्मल, म्हणून टॉनिक देऊन पाठवणी. पुढच्या वेळी तिने एवढंच विचारलं की "लोह साठ्यात किती आहे ते या टेस्टमध्ये कळतं का?" नाही कळत. त्याला फेरिटिन करावं लागतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या निरोगी माणसात ते १५ च्या खाली असेल तर लोहाची कमतरता धरतात. तिचं एक आकडी निघालं. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं, त्यामुळे पहिला रिपोर्ट खोटा नव्हता, प्रश्नच वेगळा विचारला गेला होता.

मशीनचंही तसंच. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सावळ्या-काळ्या त्वचेवर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतो, २०२० मध्ये अमेरिकेतल्या पेशंटच्या आकड्यांवरून हे परत एकदा ठळकपणे पुढे आलं. तेव्हा दम लागतोय आणि आकडा छान आहे, तर दम लागतोय यावर ठाम राहा.

पायरी ६: दुसरं मत

सेकंड ओपिनियन घेतलं की डॉक्टरला राग येईल ही भीती बहुतेक उगाचच असते, चांगला डॉक्टर उलट कुणाकडे जा ते सांगतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१७ मध्ये आपल्याकडे दुसऱ्या मतासाठी पाठवलेल्या २८६ पेशंटची कागदपत्रं बघितली, तर १२ टक्क्यांचंच निदान जसंच्या तसं राहिलं, २१ टक्क्यांचं पूर्ण बदललं आणि बाकीच्यांचं कमीजास्त दुरुस्त झालं. हे अवघड केसेसचे आकडे आहेत, साध्या तापाला लावू नका.

नवीन डॉक्टरकडे गेल्यावर आधीच्याने काय निदान केलं ते सुरुवातीलाच सांगू नका. आधी लक्षणं, त्यांचं मत झालं की मग जुनी फाईल. लपवायचं नाही, फक्त क्रम बदलायचा, नाहीतर जुना शिक्का त्यांच्याही डोक्यात बसतो. आणि आधीच्या डॉक्टरची निंदा अजिबात नको. दोघांचं मत सारखं आलं, तिसऱ्याचंही आलं, तर मात्र थांबून विचार करा की कदाचित ते बरोबर असतील. आपल्याला हवं ते ऐकवणारा डॉक्टर सापडेपर्यंत फिरत राहिलं की शेवटी तो सापडतोच, आणि तो बहुधा महागडी पॅकेजं विकणारा असतो.

इंटरनेटवर वाचलेलं सांगायचं असेल तर प्रिंटआउटचा गठ्ठा नको. "मी अमुक आजाराबद्दल वाचलं, माझी यातली तीन लक्षणं जुळतात, तो नाही हे कसं ठरवता येईल?" एवढं पुरतं. पेशंटच्या ग्रुपमधून औषधं उचलू नका, पण लक्षणं सांगायची भाषा जरूर उचला. लाँग कोविड (कोविडनंतर महिनोन्महिने रेंगाळणारा त्रास) हे नावसुद्धा २०२० मध्ये पेशंटनीच सोशल मीडियावर रूढ केलं, जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये.

पायरी ७: ॲडमिट असताना कुणी ऐकत नसेल तर

इथे वेळ कमी असतो. टेनिसपटू सेरेना विल्यम्सचं उदाहरण बऱ्याच जणांना माहीत असेल, २०१७ मध्ये सिझेरियननंतर तिला दम लागायला लागला, फुफ्फुसात गुठळी होण्याचा त्रास तिला आधी होऊन गेलेला, तिने नर्सला स्पष्ट सांगितलं की सीटी स्कॅन आणि हेपॅरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) हवं, तर नर्सला वाटलं पेनकिलरमुळे गोंधळलीये. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही नाही, मग सीटी केला आणि फुफ्फुसात गुठळ्या सापडल्या. ती वाचली कारण ती तेच तेच सांगत राहिली. एवढी नावाजलेली बाई, तिला हे, तर आपण दोनदा सांगून गप्प बसलो तर कसं चालेल.

तर वॉर्डमध्ये असं बोला, चार वाक्यांत: आत्ता काय होतंय, आधी काय झालंय, मला कशाची भीती वाटतेय, मला काय हवंय. "अर्ध्या तासापासून दम वाढलाय. परवा ऑपरेशन झालंय. काल असं नव्हतं, गुठळी असेल अशी भीती वाटतेय. सिनियर डॉक्टरने आत्ता येऊन बघायला हवंय." नर्स आणि डॉक्टर आपसात साधारण याच क्रमाने बोलतात त्यामुळे त्यांना ते पटकन पोचतं. नर्सने नाही ऐकलं तर वॉर्डच्या इन्चार्जला, मग ड्यूटीवरच्या सिनियरला, प्रत्येकाचं नाव आणि वेळ लिहून. नातेवाईक असाल तर "हा नेहमी असा नसतो, याचं वागणं बदललंय" हे वाक्य सोडू नका, रोजचं माणूस तुम्हीच ओळखता.

काही देशांत याची अधिकृत सोयच आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये 'रायन्स रूल' आहे, २००७ मध्ये तीन वर्षंही पूर्ण न झालेलं एक मूल गेलं, आईवडिलांची काळजी वेळेत मनावर घेतली गेली नव्हती, त्यानंतर आला. इंग्लंडमध्ये १३ वर्षांच्या मुलीच्या सेप्सिसने (जंतुसंसर्गामुळे सगळं शरीर ढासळणं) झालेल्या मृत्यूनंतर २०२४ पासून 'मार्थाज रूल' लागू करायला सुरुवात झाली. दोन्हीत पेशंट किंवा घरचे थेट दुसऱ्या टीमला बोलावून तपासणी मागू शकतात. तुम्ही ज्या हॉस्पिटलात आहात तिथे असं काही आहे का ते ॲडमिट होतानाच विचारून ठेवा.

पायरी ८: डॉक्टर बदलणं आणि तक्रार

एकदा घाईत वागले म्हणून लगेच सोडू नका, दुसऱ्या भेटीत वरचं पान घेऊन जाऊन बघा. पण हात न लावता, न तपासता, प्रश्नाला प्रत्येक वेळी हसण्यावारी नेत असतील तर सोडाच. जाताना सगळे रिपोर्ट, स्कॅनच्या सीडी, डिस्चार्ज कार्ड मागून घ्या. तक्रार करायची असेल तर लिखित करा, तारखा, काय सांगितलं, काय उत्तर मिळालं, काय नुकसान झालं, एवढंच, विशेषणं नकोत. आधी हॉस्पिटलच्या तक्रार विभागाकडे, तिथे काही झालं नाही तर डॉक्टरांचं रजिस्ट्रेशन बघणाऱ्या कौन्सिलकडे.

आणि सगळं करूनही नाव सापडलं नाही असंही होतं, बऱ्याच जणांचं होतं. तेव्हा डॉक्टरला हे विचारा: "नाव सापडेपर्यंत दुखणं, झोप आणि थकवा यांवर आत्ता काय करता येईल, आणि परत कधी सगळं नव्याने बघायचं?" निदानाशिवायही दुखण्यावर, झोपेवर, हालचालीवर उपचार होतात, फिजिओथेरपी सुरू करता येते. पुढच्या फॉलोअपची तारीख घेऊनच उठा, आणि मधल्या काळात काहीही नवीन झालं, वजन आपोआप उतरायला लागलं (सहा महिने ते वर्षभरात ५ टक्क्यांच्या वर), रात्री घामाने कपडे भिजायला लागले, कुठून रक्त गेलं, तर त्या तारखेची वाट न बघता फोन करा आणि फोनवर आधी ते नवीन काय ते सांगा, जुनं नंतर.